वसईचा कोट : तटाच्या आतली ख्रिस्तमंदिरे आणि बाहेरची

वसईचा कोट पाहून आलेल्या मंडळींच्या बोलण्यात सहसा दोनच सूर ऐकू येतात. एक विजयाचा : १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने हा कोट घेतला, त्या पराक्रमाचा. दुसरा हळहळीचा, आणि तो विशेषतः आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतला : केवढी ही ख्रिस्तमंदिरे, आणि आज त्यांची काय ही दशा! दोन्ही सूर समजण्याजोगे आहेत. परंतु दोहोंतही समोरच्या दगडांकडे नीट पाहणे राहून जाते, असे आम्हांस वाटते.

शेळगावाहून, इंदापूरच्या पठारावरून, वसईस जाणाऱ्याला पहिला अचंबा वाटतो तो किल्ला आणि मंदिर यांच्या जवळिकीचा. आमच्या बाजूस गढी सरदाराची आणि देऊळ गावाचे, ही वाटणी डोळ्यांना सवयीची. वसईत तसे नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे एकाच तटाच्या आत बुरूज, कप्तानाचा वाडा, धर्मसंघांचे मठ आणि ख्रिस्तमंदिरे उभी राहिली. दर्यादरवाजातून आत येताच संत योसेफाच्या मंदिराचा उंच मनोरा दिसतो. वाटाडे त्याला ‘कॅथिड्रल’ म्हणतात, पण ते होते शहराचे मुख्य धर्मग्राममंदिर. वसईला स्वतःचा बिशप मिळाला तो १९९८ साली.

येशूसंघीयांच्या मंदिराची दर्शनी भिंत, कमानीचे दार आणि त्याच्या दोन्ही अंगांचे नक्षीदार खांब पाहून कुणीही थबकावे. ते सौंदर्य अस्सल आहे. डोमिनिकन मंदिराची लांबरुंद वास्तू अशीच दबदबा निर्माण करते. त्या मंदिराचे संत गोन्सालो म्हणजे आपले संत गोन्सालो गार्सिया नव्हेत, हेही येथे सांगून ठेवावे. ते पोर्तुगालमधील आमारांतेचे डोमिनिकन संत. परंतु फ्रान्सिस्कन मंदिराच्या जमिनीतील थडग्यांच्या शिळा वाचू लागलो, की निराळीच जाणीव होते. त्या शिळांवर उमरावांची, त्यांच्या पत्नींची, वारसांची नावे आहेत. ज्यांनी हे दगड घडवले, वाहिले, त्या येथल्या माणसांची नावे कोठेच नाहीत. डॉ. गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसई यांच्यावर ग्रंथ लिहून या शिलालेखांना कायमचे वाचवले, हे त्यांचे मोठे ऋण. मात्र शिलालेखांतून लिहिलेला इतिहास शिळा घालू शकणाऱ्यांचाच होतो, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते.

या संदर्भात इटलीतील असिसी नगराचे स्मरण होते. ११९८ साली, संत फ्रान्सिस किशोरवयात असताना, तेथील नागरिकांनी डोंगरावरचा बादशाही किल्ला पाडला. पुढे फ्रान्सिसने आपल्या बंधूंना घेऊन वस्ती केली ती नगराच्या तटाबाहेर, सपाटीवरच्या पोर्शियुंकुला नावाच्या चिमुकल्या प्रार्थनामंदिराशी. १२२६ साली त्याने देह ठेवला तोही तेथेच. त्याच संताच्या पुत्रांनी वसईत तोफांच्या सावलीत मठ बांधावा, यातली विसंगती आपण झाकू नये. तो काळच तसा होता, एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही.

कारण निकाल काळानेच दिला. १७३९ च्या तहाने पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मुभा दिली. उमराव गेले, युरोपीय धर्मगुरू गेले, आणि तटाच्या आतली मंदिरे ओस पडली. तटाबाहेर मात्र पापडी, सांडोर, नंदाखाल येथल्या शेतकरी आणि कोळी कुटुंबांची श्रद्धा टिकली. नंदाखालचा धर्मग्राम १५७३ पासूनचा. बाहेरची मंदिरेही मोडली, दुरुस्त झाली, पुन्हा बांधली गेली. त्यांच्यामागे तट नव्हता, माणसे होती.

घंटांची गोष्टही अशीच. वसईच्या मोहिमेतून मराठ्यांनी नेलेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीस आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरास आहेत. त्याविषयी मनात कढ ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ओतीव धातू हलवता येतो. वसईत जन्मलेल्या, येथल्या आईच्या पोटी आलेल्या गोन्सालो गार्सियाने १५९७ साली नागासाकीस क्रुसावर दिलेली साक्ष कुणाला हलवता आली नाही. तो कप्तान नव्हता, धर्मगुरूही नव्हता. साधा संघबंधू होता. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यालाच संतपद दिले.

म्हणून सहलीस जाणाऱ्या कुटुंबांना आमची सूचना एवढीच : कोट जरूर पाहा, मुलांना दगडांवरची अक्षरे दाखवा, पण मिस्सेला तटाबाहेरच्या एखाद्या मंदिरात जा. दोन्ही पाहिल्याशिवाय वसई पाहिली असे होत नाही. आणि घरी परतल्यावर, आपल्या धर्मग्रामात नव्या मंदिराचा विषय निघून दर्शनी भिंतीच्या उंचीवर वाद सुरू झाला, तर वसईतली सर्वांत देखणी दर्शनी भिंत कोठे उभी आहे आणि रविवारची गर्दी कोठे होते, हे सभेत आवर्जून सांगावे.