मृत्युपत्रातील माणसे

जॉर्ज वॉशिंग्टनचे १७९९ चे मृत्युपत्र हा औदार्याचा दस्तऐवज म्हणून वाचण्याची रीत आहे. त्याने आपल्या गुलामांना मुक्त केले, एवढे एक वाक्य भक्तांना पुरते. मला ते कलाकृती तपासावी तसे तपासावेसे वाटते: बोलतो कोण, आणि कोणाविषयी बोलले जाते? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत, तंबाखू पिकवणाऱ्या जमीनमालकांची. इंग्रजी रिवाजात आडनाव, जमीन, प्रतिष्ठा बापाकडून येते. १६६२ च्या कायद्याने हा नियम गुलाम बाईपुरता उलटा केला. मूल आईच्या स्थितीत जन्मेल. मालकापासून तिला मूल झाले तर ते त्याचा वारस नव्हे, त्याची मिळकत. पुढे १७०५ साली वारसाहक्कापुरते गुलाम जमिनीसारखे 'स्थावर' ठरले. चालतेबोलते माणूस स्थावर! असली शब्दांची कसरत आपल्या स्मृतिकारांनाही छान जमत असे.

या व्यवस्थेत वॉशिंग्टन अकराव्या वर्षी मालक झाला. १७४३ साली बाप वारला आणि शेताबरोबर दहा माणसे पोराच्या वाट्याला आली. त्याने १७५९ साली लग्न केले ते मार्था या विधवेशी. तिचा पहिला नवरा १७५७ साली मृत्युपत्र न करता मेला होता, म्हणून गुलामांचा तिसरा हिस्सा तिच्याकडे हयातीपुरता आला. ही माणसे ऐंशीच्या वर होती. १७९९ पर्यंत ती १५३ झाली. ही वाढ बायांच्या पोटची. मूल रडण्याआधीच त्याचा वारसदार ठरलेला असे.

वारसा हा शब्द आपल्याकडेही दुधारी आहे. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याखाली महाराला बापाकडून जमिनीच्या तुकड्यासोबत गावकीची राबणूक मिळे. ते मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले. तरीही वतनदार महार बाजारात विकला जात नव्हता. दोन्ही एकच म्हणणे हा वैचारिक आळस होईल. साम्य एवढेच की दोन्हीकडे बापजाद्यांचे ओझेच पोराची इस्टेट होते.

आता मजकूर पाहा. वॉशिंग्टनने स्वतःच्या हातांनी लिहिले की आपले गुलाम मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. कारणही दिले: आपले आणि विधवा-हिश्शातले गुलाम लग्नांनी गुंतलेले आहेत, ताटातुटीच्या यातना होतील. यातना खऱ्या होत्या. पण त्या गाठी कायद्याने कुणाच्या हातात दिल्या होत्या, यावर तो गप्प आहे. म्हाताऱ्यांना अन्नवस्त्र, पोरक्या मुलांना लिहावाचायला शिकवणे ही कलमे मी कमी लेखत नाही. त्याच्या वर्गातल्या कितीकांनी तेवढेही केले नाही. मजकुरात नाव मात्र एकाच गुलामाचे येते, विल्यमचे. तो स्वतःला विल्यम ली म्हणवतो, अशी पुस्तीही जोडली आहे. तीस डॉलरची वार्षिक पोटगी मान्य, आडनाव मात्र त्याच्या म्हणण्यावर! त्याच वर्षीची गुलामांची यादी मला मृत्युपत्राहून बोलकी वाटते. तिच्यात माणसासमोर त्याचा जोडीदार कोणाच्या मालकीचा, हे लिहिले आहे. संसाराची एवढी उघडीवाघडी नोंद कोणत्या कादंबरीत सापडेल?

आपली सुटका मालकिणीच्या मरणावर टांगलेली आहे, हे त्या १२३ जणांना कळल्यावर त्या घरात काय वातावरण झाले असेल? मार्थाला सुरक्षित वाटेना, असे अबिगेल अॅडम्सने १८०० साली लिहून ठेवले आहे. १ जानेवारी १८०१ रोजी ते मुक्त झाले. औदार्याच्या कथेत ही भीती सहसा येत नाही.

१८०२ साली मार्था वारली आणि विधवा-हिश्शातली माणसे तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. नवरा मुक्त आणि बायको-मुले वाटणीत, असे संसार फुटले. त्या माणसांवर तिचा हयातीपुरताच हक्क होता, ती काय करणार, असे तिच्या बाजूने म्हणतात. पण एलिश नावाचा एक माणूस पूर्णपणे तिच्या मालकीचा होता. त्याला तिने मृत्युपत्राने नातवाला दिले.