साथीतले मृत्यू आणि देशांची क्रमवारी

१९१८च्या इन्फ्लुएन्झावर आपल्या मंडळात जे निबंध वाचले जातात, त्यांत हिंदुस्थानातल्या बळींचा आकडा हमखास येतो, आणि दोन निबंधांतला आकडा सहसा जुळत नाही. कुणी ६० लाख लिहितं, कुणी सव्वा कोट, कुणी पावणेदोन कोट. मागाहून चर्चेत विचारलं तर उत्तर मिळतं, "अमुक पुस्तकात तसं आहे." पुस्तकात असतंच. पण ते तिथे कसं आलं?

६० लाखांचा अंदाज साथ नुकती ओसरत असताना सॅनिटरी कमिशनरने काढला. १९२१च्या खानेसुमारीच्या अहवालात तो १ कोटी २०-३० लाखांवर गेला. १९५१ साली किंग्जली डेव्हिस यांनी खानेसुमारीच्या आकड्यांवरून हिशेब मांडला आणि तो २ कोटींच्या जवळ पोचला. १९८६ साली मिल्स यांनी १ कोटी ७०-८० लाख धरले. २०१२ साली चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १ कोटी ३९ लाख म्हटलं, पण ते फक्त ब्रिटिश अंमलातल्या जिल्ह्यांपुरतं. म्हणजे संस्थानं त्यात नाहीत, बडोदं नाही. हा शेवटचा आकडा डेव्हिस यांच्या आकड्याशेजारी ठेवून "नव्या संशोधनाने बळी कमी ठरवले" असं लिहिणं म्हणजे अख्ख्या घराच्या खर्चाशी एका खोलीचा खर्च ताडून बघणं.

त्या काळी मृत्यूची वर्दी गावचा पाटील किंवा चौकीदार द्यायचा. त्याच्यासमोर पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे ठराविक रकाने. इन्फ्लुएन्झाचा रकानाच नव्हता, तेव्हा बहुतेक सगळे गेले 'तापा'त. त्यातून वर्दी देणारेच अंथरुणाला खिळले होते. म्हणून इन्फ्लुएन्झाच्या बळींचा अंदाज काढायचा तर एकच वाट उरते: एरवी तापाने किती माणसं जायची आणि त्या वर्षी किती जास्त गेली, ते बघायचं.

कोविडच्या वेळी जगाने शंभर वर्षांनी हीच वाट पुन्हा धरली. तिला 'अतिरिक्त मृत्यू' असं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. देशांनी स्वतः कळवलेले मृत्यू होते ५४ लाख. त्यावरून लगेच कोणता देश खरा आणि कोणता खोटा अशा क्रमवाऱ्या लागल्या, आणि आता इतिहासाचे अभ्यासकही त्या साधन म्हणून वापरू लागलेत. माझी हरकत आहे ती या वापराला.

सरकारी आकड्यावर लावलेली क्रमवारी तर सरळ उफराटी निघते. पहिल्या लाटेत बेल्जियम लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वांत वर होतं. कारण वृद्धाश्रमांतले, चाचणी न झालेले पण संशयित मृत्यूही त्यांनी धरले. त्यांची बेरीज अतिरिक्त मृत्यूंशी जवळजवळ जुळली, म्हणजे मोजणी चांगली. आणि चांगली मोजणी केल्याबद्दल नाव खराब! ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये चाचणीनंतर २८ दिवसांतलेच मृत्यू धरायचं ठरवलं आणि एका दिवसात पाच हजारांहून अधिक मृत्यू यादीतून गेले. माणूस एकही परत आला नाही. पेरूची गोष्ट याच्या उलट. मे २०२१च्या अखेरीस त्यांनी व्याख्या बदलून आपला आकडा ६९,३४२ वरून १,८०,७६४ वर नेला आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जगात पहिला नंबर ओढवून घेतला. पहिला नंबर बघून पेरूला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. स्वतःचा आकडा अडीचपटीहून वर नेऊन जाहीर करणारं सरकार म्हणून त्याची दखल फारशी कुणी घेत नाही.

मग अतिरिक्त मृत्यू हा तरी पक्का गज आहे का? बराच, पण 'एरवी किती गेले असते' हे कुणी कसं ठरवलं त्यावर सगळं अवलंबून. जर्मनीची मृत्युनोंद चोख, तिथे एक दाखलाही शोधावा लागत नाही. तरी संघटनेच्या पहिल्या तक्त्यात जर्मनीचे अतिरिक्त मृत्यू सुमारे १ लाख ९५ हजार आले आणि प्रमाण ब्रिटन-स्पेनच्याही वर गेलं. २०१९ साली तिथे मृत्यू थोडे कमी झाले होते. रेघ तो उतार धरून तशीच खाली ओढली गेली, आणि अपेक्षा खाली आल्यावर फरक फुगला. टीका झाल्यावर हिशेब सुधारला, आकडा १ लाख २२ हजारांच्या आसपास आला. मोजणी तीच, फक्त रेघ बदलली. स्वीडनचंही थोडं तसंच.

जिथे नोंदच अपुरी, तिथे तर सगळा भार अंदाजावर. भारतासाठी संघटनेने ४७ लाख म्हटलं. सरकारी आकडा होता ४ लाख ८१ हजार. देशभराची महिनावार नोंद हाती नव्हती म्हणून १७ राज्यांची जी मिळाली ती वापरली. खरा आकडा ३३ लाखांपासून ६५ लाखांपर्यंत कुठेही असू शकतो हे संघटनेनेच लिहिलंय. पण क्रमवारी लावताना ही दोन टोकं गळून पडतात आणि अंदाजाचा ४७ लाख जर्मनीच्या मोजलेल्या दाखल्यांच्या पंगतीत जाऊन बसतो.

भारत सरकारने हरकत घेतली, तिच्यात एक मुद्दा विचार करण्यासारखा होता. आपल्याकडे नोंदणीच दरवर्षी वाढते आहे. २०१८ साली ६९.५ लाख मृत्यू नोंदले गेले, २०१९ साली ७६.४ लाख, तेव्हा तर साथ नव्हती. २०२० साली ८१.२ लाख झाले, म्हणजे वाढ आदल्या वर्षीपेक्षा कमीच. इथवर सरकारची बाजू पटते. पण २०२१ची नोंद बाहेर यायला मे २०२५ उजाडलं, आणि ती निघाली १ कोटी २ लाखांची. एका वर्षात २१ लाखांची वाढ. त्या वर्षातले सरकारी कोविड मृत्यू जेमतेम ३ लाख ३० हजार. सुधारलेल्या नोंदणीने ही फट बुजत नाही. आणि ज्या नोंदीने वाद मिटवायचा ती चार वर्षं अडकून राहते, हे मला तरी योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आपण गुजरातेत राहणाऱ्यांना यासाठी जिनिव्हाच्या अंदाजाची गरजही नव्हती. १ मार्च ते १० मे २०२१ या काळात राज्यात सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूचे दाखले दिले गेल्याचं 'दिव्य भास्कर'ने मोजून छापलं. आदल्या वर्षी त्याच काळात ५८ हजार. त्या काळातले सरकारी कोविड मृत्यू ४,२१८. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वारसांना ५० हजार रुपये द्यायचे ठरले, आणि दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्यावरून अर्ज फेटाळू नये असंही न्यायालयाने बजावलं. राज्याचा अधिकृत आकडा दहा हजारांच्या आसपास होता. २०२२च्या सुरुवातीपर्यंत मंजूर झालेले अर्ज ८० हजारांवर गेले होते. एकाच सरकारच्या दोन दप्तरांत दोन आकडे. या अर्जांच्या फायली मला कोणत्याही जागतिक तक्त्यापेक्षा मोलाच्या वाटतात, कारण तिथे प्रत्येक मृत्यूमागे नाव आहे, वारस आहे, पत्ता आहे.

हे सगळं बडोद्याच्या १९१८ला लावून बघावं. १९२१च्या खानेसुमारीत बडोदे राज्याची वस्ती २१,२६,५२२ भरली, १९११ला होती २०,३२,७९८. वाढ ४.६ टक्के, साऱ्या हिंदुस्थानची जेमतेम १.२. यावरून "सयाजीरावांच्या राज्यात साथ फारशी लागली नाही" असं म्हणण्याचा मोह होतो, कारण महाराजांबद्दल चांगलं लिहायला आपल्याला आवडतं, मलाही. पण १८९१ची वस्ती २४,१५,३९६ होती. छप्पनच्या दुष्काळानंतर १९०१ला ती १९,५२,६९२ वर आली, आणि १९२१लाही ती १८९१च्या खालीच होती. खोल खड्ड्यातून वर येणाऱ्या संख्येत एक भयंकर वर्ष सहज झाकलं जातं. जर्मनीची रेघ उतारावर बेतली म्हणून चुकली. आपण उलट चढाकडे बघून चुकतोय.

तेव्हा १९१८चा आकडा ज्यांच्या निबंधात येईल त्यांनी सोबत तीन गोष्टी लिहाव्यात: संस्थानं धरली की नाही, कोणता रकाना घेतला, आणि एरवीचं वर्ष कोणतं मानलं. गावोगावच्या मृत्युनोंदींची जुनी बुकं कुणाला पाहायला मिळाली, तर १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं उतरवताना 'ताप' हा शब्द तसाच ठेवावा. त्याजागी 'इन्फ्लुएन्झा' लिहून ठेवू नये.