गोंदण : लेणे की खूण?

माणूस जाताना बरोबर काही नेत नाही, हे आपल्या साऱ्या संतांनी नाना परींनी सांगून ठेवले आहे. आमच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी मात्र त्यातूनही एक पळवाट काढली होती. डोरले उतरते, बांगड्या फुटतात, पाटल्या लेकीसुना वाटून घेतात. पण हातावरचे गोंदण कोणाला काढून घेता येत नाही. ते तेवढे आपल्याबरोबर येते, अशी त्यांची समजूत. ही समजूत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. वऱ्हाड-नागपूरपासून छत्तीसगडच्या रानापर्यंत ती ऐकू येते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही गोंदणाचे उल्लेख जागोजाग सापडतात.

आमच्या लेखकमंडळींना ही समजूत फार आवडते. हनुवटीवरचा हिरवा ठिपका दाखवला की खेडवळ बाई उभी राहिली, असे मानण्याची कथा-कादंबऱ्यांतून रीतच पडून गेली आहे. शान्ता शेळके यांना आपल्या एका कवितासंग्रहाला ‘गोंदण’ हेच नाव द्यावेसे वाटले. त्या शब्दात ओलावा आहेच. परंतु जिला बरोबर न्यायला कातडीवरच्या चार रेघांखेरीज दुसरे काही स्वतःचे नव्हते, तिची ही समजूत आहे, हे आपण विसरतो. शेत नवऱ्याचे, घर सासऱ्याचे, दागिना अडीअडचणीला सावकाराचा. उरले गोंदण. म्हणून त्याचे कौतुक करण्याआधी त्याच्याकडे जरा नीट पाहावे, असे मला वाटते.

प्रथम कृती पाहू. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात किंवा दुधात कालवायची, दोनचार सुया एकत्र बांधून त्यात बुडवायच्या आणि टोच टोच टोचायचे. वर हळद चोळायची. गोंदण हिरवे दिसते म्हणून रंगही हिरवा असेल असे पुष्कळांना वाटते. मुळात ती काळी काजळीच. कातडीच्या आडून उजेड परतताना ती निळसर-हिरवी भासते. ती वर्षानुवर्षे टिकते कशी, याचा उलगडा अलीकडे झाला. कातडीतल्या काही पेशी ही काजळी गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की काजळी मोकळी होते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून हे दाखवले. म्हणजे गोंदण एका जागी रुतून बसलेले नसते; एकीने टाकलेले दुसरी उचलते, असा त्याचा वसा चालू राहतो.

घराघरांतला गोंदणाचा वसाही असाच चालला. आईने पोरीला दिला, पोरीने आपल्या पोरीला. माझी आजी सांगे, की तिला सातव्या वर्षी गोंदले तेव्हा दोन चुलत्यांनी हात धरले होते आणि गोंदणारी बाई मोठ्याने गाणे म्हणत होती. गाणे कशाला, तर पोरीचे रडणे ऐकू येऊ नये म्हणून! उत्तर हिंदुस्थानात तर गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचे पाणी घ्यायचे नाही, अशी कित्येक घरी रीत होती. तेव्हा ज्याला आपण ‘स्त्रियांची स्वयंस्फूर्त कला’ म्हणून गौरवतो, त्यात स्फूर्ती किती आणि सक्ती किती, हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

पण हिशेब मांडताना जमेची बाजूही लपवू नये. हातावर तुळशीवृंदावन, मोर, विंचू, कपाळावर चंद्रकोर. हे सारे निवडण्यात बाईची काही आवड असे. आणि एक मोठी गमतीची गोष्ट पाहा. नवऱ्याचे नाव जिभेवर आणायचे नाही, आणायचेच तर उखाण्यात गुंडाळून, असा ज्या बाईला धाक, तीच ते नाव दंडावर गोंदवून घेई! शेजारी भावाचे नाव. पुष्कळ जणींना ते वाचताही येत नसे. अक्षराशी त्यांची गाठ पडली ती अशी, सुईच्या टोकाने. शाळामास्तर म्हणून मला याचे कौतुक वाटते आणि वाईटही वाटते. सारे आयुष्य अंगावर अक्षरे वागवायची आणि तरीही निरक्षर राहायचे, याला काय म्हणावे?

गोंदणाची दुसरी बाजू याहून काळी आहे. हीच सुई सरकारच्या हाती गेली, की लेण्याची खूण होते. बंगाल इलाख्यात १७९७ साली कंपनी सरकारने कायदा करून काही कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायला सुरुवात केली. त्या शिक्षेचे नाव ‘गोदना’, म्हणजे बायकांच्या लेण्याचेच नाव! कपाळ झाकायला कैदी पागोटे भुवयांपर्यंत ओढून घेत. ही शिक्षा १८४९ साली बंद झाली. जपानातही गुन्हेगारांना गोंदण्याची चाल होती. पुढे १८७२ साली तिथल्या सरकारने गोंदणकलेवरच बंदी घातली आणि ती १९४८ साली उठली. आउश्वित्झच्या छळछावणीत १९४१ सालापासून कैद्यांच्या अंगावर आकडे गोंदले गेले, हे तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. तिथे माणसाचे नाव गेले आणि नंबर राहिला.

आता त्याच कपाळाची आणखी एक हकिकत ऐका. छत्तीसगडातल्या चारपारा गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परशुराम नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. अस्पृश्य मानलेल्या जातीचे. देवळाची पायरी चढायची बंदी. आपल्याकडे चोखोबाला महाद्वाराबाहेरच राहावे लागले, तसेच हे. परशुरामांनी आणि त्यांच्यामागून निघालेल्या रामनामी मंडळींनी कपाळावर, छातीवर, हातापायांवर ‘राम राम’ गोंदवून घेतले. काहींनी नखशिखांत. देवळात येऊ देत नाही काय? मग देऊळच अंगावर घेऊन आम्ही हिंडू. ज्या कपाळावर सरकार गुन्हा लिहीत होते, त्या कपाळावर या माणसांनी स्वतः देवाचे नाव लिहिले. काजळी तीच, सुई तीच, दुखणेही तेच. पण अर्थ उलटा. मला वाटते, गोंदणाचा सारा सामाजिक अर्थ या दोन कपाळांच्या मध्ये सापडतो. काय गोंदले आहे एवढे पाहून भागत नाही. कोणी गोंदवले आणि कोणाच्या इच्छेने, हे विचारावे लागते.

बिहारातही असाच एक पालट झाला. मिथिलेतल्या जितवारपूर गावच्या चानो देवी आणि त्यांच्या दुसाध समाजातल्या इतर बायकांनी १९७० नंतरच्या काळात अंगावरच्या गोंदणाच्या आकृती कागदावर उतरवल्या. उच्चवर्णीयांच्या घरातली देवादिकांची चित्रे काढण्यापेक्षा आपल्या कातडीवरचे त्यांनी जगाला दाखवले. ‘गोदना’ शैली म्हणून ती चित्रे नावाजली गेली.

राहिला आजचा ‘टॅटू’. हा शब्द दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचा. कॅप्टन कुकचे गलबत १७६९ साली ताहितीला लागले, तेव्हा तिथला ‘ताताऊ’ त्याच्या मंडळींनी टिपून घेतला. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल ओरायली याने घेतले. तेच यंत्र पुढे बॅटरीवर बसून आमच्या जत्रांतून घरघरू लागले आणि आता पुण्या-मुंबईत काचेच्या दुकानात थाटाने बसले आहे.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी आईसह शाळेत आली होती. मुलीच्या मनगटावर आईचे नाव कोरलेले. आमच्या शिक्षकखोलीत लगेच चौकशी सुरू झाली : कुठे काढलेस, किती पडले, दुखले का? आई मात्र पदर ओढून आपला कोपरापर्यंत गोंदलेला हात झाकत बसली होती. तिच्या हाताकडे कोणी पाहिले नाही. मायलेकींच्या हातांवर एकच वस्तू. मुलीची तिला फॅशन वाटते, आईची गावंढळपणा वाटतो. मधल्या पिढीने शिकूनसवरून गोंदणाची लाज बाळगायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढीने परदेशी नावाने तेच विकत घेतले. यात मुलीचा दोष नाही. तिने स्वतःच्या मर्जीने गोंदवले, आणि ही गोष्ट लहान नव्हे. दोष आपल्या नजरेचा आहे.

तरुणांना मास्तर म्हणून दोन शब्द सांगतो. सुई कोरी करकरीत आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या; सुईवाटे काविळीसारखे रोग शिरतात. सैन्यभरतीत गोंदणावर निर्बंध आहेत. आदिवासींच्या रूढीची गोंदणे तेवढी त्यातून वगळलेली आहेत. जत्रेच्या भरात दंडावर नाव काढणाऱ्या मुलांनी हे आधी जाणून घ्यावे. लेसरने गोंदण फिके करता येते, पण त्याला फेऱ्या पुष्कळ घालाव्या लागतात आणि पैसाही पुष्कळ.

आणि वडीलधाऱ्या वाचकांना एक विनंती. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनीबाई बाबर यांनी बायकांच्या ओठांवरची गाणी, कहाण्या आणि म्हणी वेचून आपल्या हाती ठेवल्या. हातावरचे तेवढे अजून वेचायचे राहिले आहे. या दिवाळीत फराळाला घरी कोणी म्हातारी आत्या, मावशी आली, तर तिचा हात हाती घेऊन विचारा : हे कोणी काढले, तेव्हा वय काय होते, विंचूच का काढला, आणि तुला हवे होते का? शेवटचा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नसेल. ती काय सांगते ते जसेच्या तसे लिहून ठेवा. गोंदण ती बरोबर नेणारच आहे; त्याची हकिकत तरी मागे राहू द्या.