एक प्रथिन, दोन भाकिते

कर्करोगाच्या गाठीतील एखादे प्रथिन मोजून रुग्णाचे भवितव्य सांगता येते, अशा बातम्या वारंवार वाचनात येतात. त्यांवर किती विसंबावे? हाडांच्या कर्करोगाचे एक उदाहरण पाहू. ऑस्टिओसार्कोमा हा रोग प्रामुख्याने वाढत्या वयात, म्हणजे आपल्या वर्गातील मुलांच्या वयात होतो.

स्तनाच्या कर्करोगात 'हर-टू' हे प्रथिन प्रमाणाबाहेर असल्यास रोग अधिक आक्रमक असतो, हे १९८७ साली दिसून आले. त्याला रोखणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. साहजिकच हाडांच्या गाठींतही हर-टूचा शोध सुरू झाला. १९९९ साली अमेरिकेतील ५३ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता : हर-टू जास्त, तर भवितव्य वाईट. २००२ साली जपानमधील ८१ रुग्णांच्या अभ्यासातून नेमके उलटे अनुमान निघाले : हर-टू असलेले रुग्ण अधिक जगतात!

यात कोणाची लबाडी नाही. दोष पद्धतीत आहे. एवढ्या थोड्या रुग्णांत चार-पाच जणांच्या फरकाने निष्कर्ष फिरू शकतो. शिवाय मोजमाप एकसारखे नव्हते. कोणी पेशीपटलावरचा रंग धरला, तर कोणी पेशीच्या आतला. 'जास्त' कोठून म्हणायचे, ही रेषाही ज्याची त्याची वेगळी.

तिसरे कारण गणिताच्या तासाला दाखवता येईल. परस्परांशी संबंध नसलेली २० निरुपयोगी प्रथिने तपासली आणि प्रत्येक वेळी निव्वळ योगायोगाने 'संबंध' दिसण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर निदान एक तरी फसवा दर्शक हाती लागण्याची शक्यता ६४ टक्के येते. पुष्कळदा छापून येतो तो तेवढाच.

पुढे अमेरिकेत रोग पसरलेल्या ९६ रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१२ मध्ये आले. हर-टू असलेल्या ४१ जणांना नेहमीच्या औषधांबरोबर ट्रास्टुझुमॅब दिले, उरलेल्यांना दिले नाही. ३० महिन्यांनंतर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ३२ टक्केच होते. औषध निरुपयोगी ठरले, की त्याने हर-टूचा दुष्परिणाम भरून काढला? सांगता येत नाही. कारण हर-टू असूनही औषध न दिलेला गट तुलनेला नव्हताच.

याउलट दोन साध्या गोष्टी अनेक अभ्यासांत टिकल्या आहेत : निदानाच्या वेळी रोग फुप्फुसांत पसरला आहे का, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या औषधांनी गाठीतील ९० टक्के किंवा अधिक पेशी मेल्या का.

म्हणून नव्या दर्शकाची बातमी आली की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत. रुग्ण किती होते? 'जास्त-कमी'ची रेषा निकाल पाहण्यापूर्वी आखली होती का? दुसऱ्या रुग्णांत पडताळा आला का? ही उत्तरे नसतील, तर त्या भाकिताच्या आधारे कोणत्याही मुलाच्या आईवडिलांची आशा वाढवणे वा खुडणे, दोन्ही अन्यायाचे आहे.