उसना पोत

छायाचित्र खोटे बोलत नाही, ही समजूत जितकी जुनी तितकीच भाबडी आहे. अलीकडे निसर्गदृश्यांच्या छायाचित्रांवर संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याच वस्तूचा पोत चढविण्याची रीत रूढ झाली आहे. पोपडे सुटलेली भिंत, गंजलेला पत्रा, पिवळा पडलेला कागद यांचे छायाचित्र घ्यायचे आणि ते एखाद्या तळ्यावर, माळावर वा आभाळावर अंथरायचे. मग दृश्य जुन्या तैलचित्रासारखे भासू लागते. याला छायाचित्रण म्हणावे काय, असा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. मूळ प्रतिमेला हात लावणे हाच दोष मानला, तर या कलेतील कितीतरी थोर कृती बाद कराव्या लागतील. हात कशासाठी लावला, हे पाहणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते.

फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास सागरदृश्ये टिपली. त्या काळची कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई. समुद्र नीट उमटावा एवढा वेळ दिला की आकाश कोरे राही. आकाश सांभाळावे तर समुद्र काळवंडे. ल ग्रेने काही चित्रांत दोन निगेटिव्ह वापरल्या, एक आभाळाची व एक पाण्याची, आणि क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा जुळविला. डोळ्याला सहज दिसणारे, पण काचेला न पेलणारे दृश्य त्याने अशा रीतीने कागदावर आणले. मात्र एकच आभाळ त्याने एकाहून अधिक सागरांवर वापरले, हेही खरे. तेथे त्याचे समर्थन करताना आमची लेखणी थोडी अडखळते.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे १९४१ सालचे चित्र याहून बोधप्रद आहे. मावळत्या सूर्याचे अखेरचे किरण दफनभूमीतील पांढऱ्या क्रूसांवर पडलेले असताना अ‍ॅडम्सने घाईघाईने कॅमेरा उभा केला. प्रकाशमापक हाती लागेना; तेव्हा ठाऊक असलेल्या चंद्राच्या तेजावरून त्याने प्रकाशाचा हिशेब केला. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन निघून गेले. पुढे १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागाची घनता रसायनाने वाढविली. आरंभीच्या प्रतींत आकाशात ढगांच्या फिकट रेषा दिसतात; उत्तरकालीन प्रतींत तेच आकाश जवळजवळ काळे झाले आहे. हा बदल लहान नव्हे. तरीही त्या काळोखामुळे क्रूसांवरचा प्रकाश अधिक बोलका होतो. जे त्या स्थळी होते तेच अधिक गडद करून सांगितले गेले; परक्या स्थळाचे काही आणून बसविलेले नाही.

याच्या उलट उदाहरण ‘नॅशनल जिओग्राफिक’चे. फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे चित्र उभ्या चौकटीत बसवायचे होते, म्हणून इलेक्ट्रॉनिक यंत्राने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यात आले. चित्र सुबक झाले, पण भूगोल सांगण्याचे वचन देणाऱ्या नियतकालिकाने भूगोलच हलविला. वाचकांचा रोष ओढवला तो त्यामुळे.

आता पोताकडे वळू. संगणकात एका प्रतिमेवर दुसरी ठेवून दोहोंच्या छटांचे गणित केले जाते. गुणाकाराच्या पद्धतीत वरच्या प्रतिमेतील पांढरा भाग खालच्या चित्रावर काहीच परिणाम करीत नाही. तिच्या काळ्या भेगा व डाग तेवढे खाली उतरतात. नको तेथला पोत पुसून टाकण्याचीही सोय असते. तंत्र सोपे आहे, आणि संकटही त्या सोपेपणातच आहे.

कारण पोत म्हणजे काळाची खूण. चिऱ्याच्या भिंतीवरचे शेवाळ पावसाळ्यांचा हिशेब सांगते. खाऱ्या वाऱ्याने पत्र्यावर गंज चढतो. ती खूण तिच्या जागेवरून उचलून आभाळावर ठेवली की आभाळाला न भोगलेले म्हातारपण येते. दृश्यात भाव नसला की तयार पोत तो उसना पुरवितो. शिवाय तयार पोतांचे संच सर्वांच्याच हाती असल्याने डोंगर निराळे असले तरी त्यांच्यावरची भेग मात्र तीच, असा प्रकार घडतो.

याचा अर्थ हे तंत्र त्याज्य आहे, असा आम्ही करीत नाही. ज्या गावाचे दृश्य त्याच गावच्या भिंतीचा पोत त्यावर विणला, आणि ही रचना आहे हे पाहणाऱ्यापासून लपविले नाही, तर त्यातून स्थळाच्या स्मृतीचे एक अर्थपूर्ण चित्र घडू शकेल. पण त्याआधी छायाचित्रकाराने भूमीचा स्वतःचा पोत पाहिलेला असावा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नांगरटीची प्रत्येक तास, खडकाची प्रत्येक कड आपली सावली टाकते. माथ्यावरच्या उन्हात ती हरवते. त्या घटकेची वाट पाहण्याचे कष्ट ज्याने घेतले, त्याला उसन्या पोताची गरज क्वचितच भासेल. आणि भासलीच, तर तो किती घ्यावा हे त्याला कळेल.