'ऊर्जाघनता' : एका संज्ञेचा विचार

विजेवर चालणाऱ्या मोटारी व विमाने यांविषयीच्या मराठी लेखनात 'ऊर्जाघनता' ही संज्ञा आता रुळली आहे. परंतु ती सदोष आहे. शालेय पदार्थविज्ञानात घनता म्हणजे एकक आकारमानातील वस्तुमान. साहजिकच 'वजनानुसार घनता' हा प्रयोग वदतोव्याघात वाटतो. 'विशिष्ट उष्मा'च्या धर्तीवरील 'विशिष्ट ऊर्जा' शास्त्रशुद्ध खरी. पण सामान्य वाचक तिचा अर्थ 'अमुक एक ऊर्जा' असाच करणार. त्यापेक्षा 'प्रतिकिलो ऊर्जा' बरी. तीत पांडित्य नाही, संदिग्धताही नाही.

याहून अधिक हानी 'बॅटरी' या शब्दाने केली आहे. घट आणि घटमाला हा क्रमिक पुस्तकांतील भेद त्यात लोपला, आणि एकट्या घटाचा आकडा सबंध संचाच्या नावावर खपू लागला. चांगला लिथियम-आयन घट प्रतिकिलो सुमारे 250 वॉट-तास ऊर्जा साठवतो. उलट, 2017 च्या शेव्हरोले बोल्ट मोटारीतील संच 60 किलोवॉट-तासांचा व 435 किलो वजनाचा होता. म्हणजे प्रतिकिलो सुमारे 138. पेटी, शीतनव्यवस्था व तारा यांचे वजन संचातच मोजावे लागते. मोटार हा भार सोसते. विमानाची गोष्ट वेगळी. जेट इंधनात प्रतिकिलो सुमारे 12,000 वॉट-तास ऊर्जा असते (तिचा मोठा भाग उष्णतारूपाने वाया जातो, हे खरे). शिवाय इंधन जळते तसतसे विमान हलके होते. घटमाला मात्र उतरतानाही तेवढीच जड असते. घट आणि घटमाला यांच्या आकड्यांतील अंतरावर विमानात किती प्रवासी बसवावयाचे, हेच ठरते.