दोरीपलीकडच्या बिया

सूर्यफुलाच्या १० कोटी बिया, सगळ्या पोर्सेलीनच्या. आय वेईवेईचं 'सनफ्लॉवर सीड्स' हे मांडणशिल्प ऑक्टोबर २०१०मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये खुलं झालं. लोकांनी त्यावरून चालावं, बसावं, मूठभर बिया हातात घेऊन बघाव्यात, अशी योजना होती. ती काही दिवसच टिकली. पायांखाली घासून बारीक धूळ उडू लागली. ती श्वासातून आत जाणं घातक, म्हणून म्युझियमने दोरी लावली.

यात नेमकं काय गेलं? माओच्या काळातल्या प्रचारात माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी सूर्यफुलं. वेईवेईचं उत्तर या बियांत होतं: लांबून सगळ्या सारख्या, हातात घेतली की प्रत्येक वेगळी. हा फरक कळायला बी हातातच यावी लागते. दोरीपलीकडून दिसतो तो फक्त करड्या रंगाचा गालिचा, म्हणजे पुन्हा तीच चेहरा नसलेली जनता. सुरक्षेच्या नियमाने कलाकृतीचा अर्थच जवळजवळ उलटा केला.

तरी निर्णय चूक होता असं मला वाटत नाही. प्रेक्षक तासाभरात निघून जातो. तिथला कर्मचारी मात्र दिवसभर त्याच हवेत उभा असतो. पण ही काळजी कुठे सुरू होते आणि कुठे संपते? जिंगदेझेनमध्ये १६००हून अधिक कारागिरांनी या बिया हाताने केल्या. हॉलमध्ये त्यांच्या कामाची फिल्म दाखवली जायची. म्हणजे त्यांचे कष्ट आपण बघायचे, पण 'चालू नका' म्हणताना ज्या आरोग्याचा विचार झाला, त्यात ते कुठे होते? कलाकृतीतून हा प्रश्न थेट निघतो, आणि त्याचं उत्तर वेईवेईनेही द्यायला हवं.

म्युझियमला खलनायक ठरवणंही सोपं नाही. एप्रिल २०११मध्ये प्रदर्शन चालू असतानाच चीन सरकारने वेईवेईला ताब्यात घेतलं, ८१ दिवस ठेवलं. तेव्हा त्याच्या सुटकेची मागणी टेटने इमारतीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लावली.

पुढे २०१२मध्ये टेटने सुमारे ८० लाख बिया संग्रहासाठी विकत घेतल्या. संस्थेने त्या जपल्या, हे चांगलंच. फक्त ज्यावरून लोकांनी चालायचं होतं, ते आता लांबून बघायची वस्तू झालं आहे, आणि त्याबद्दल लिहिताना आपण बहुतेक जण फोटोबद्दलच लिहितो.